जावयाचा सिग्नल

नव्वदच्या दशकात बंगळूरला नोकरीला लागलो, तेव्हा मी स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजत असे. आमच्या छोट्याशा कंपनीनं चौकात बसवायचा एक हुशार सिग्नल केला होता. रस्त्याखाली तारा पुरलेल्या. वरून गाडी गेली की कोपऱ्यातल्या पेटीला कळायचं. ज्या बाजूला गाड्या जास्त, त्या बाजूला हिरवा दिवा. माहितीपत्रकावर आम्ही ठसठशीत छापलं होतं, 'कृत्रिम बुद्धिमत्ता'. पहिला सिग्नल कुठे बसवायचा असं विचारल्यावर मी हट्टानं सासुरवाडीचा चौक सुचवला. जावयानं जरा मिरवायला नको?

सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू व्हायचं ते त्यांनाही कळत नसे. चौकाच्या पलीकडे त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. अक्कांनी स्वतः भरवलेल्या मऊ भाताशिवाय ती दुपारी काही खात नसे.

महिन्याभरानं महापालिकेचे एक मोठे साहेब पाहणीला आले. चौकाचा मी रंगमंच केला. हात उंचावून म्हणालो, "बघा सर, मुख्य रस्त्यावर गाडी थांबतच नाही." खरंच थांबत नव्हती.

साहेब म्हणाले, "छान. पण लोकांना याचा उपयोग काय?"

मी उत्तरासाठी घसा साफ करतोय, तोच शेजारी रिक्षा येऊन थांबली आणि डबा सांभाळत अक्का उतरल्या.

"अक्का, कुठून येताय?"

"घरून." त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. त्यांचं दार समोर दिसत होतं. "गाड्या थांबतच नाहीत, चालत रस्ता ओलांडता येत नाही ना आता. पुढच्या सर्कलला वळसा घालायचा. एवढ्याशासाठी रिक्षावाले येत नाहीत, आज स्वल्प उशीरच झाला." मग साहेबांकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या जावयांचा सिग्नल आहे हा. फार हुशार. आमच्या पायाला चाकं नाहीत, त्याला आम्ही कशा दिसणार?"

साहेब पोट धरून हसले. माझे कान तापले. महिनाभर दर रविवारी मी त्यांच्या पाटावर बसून या सिग्नलच्या कथा रंगवल्या होत्या, आणि त्या "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मला वाढत होत्या. एकदाही तक्रार नाही.

अक्का बहिणीकडे गेल्या आणि थोड्याच वेळात बाहेर आल्या. वाट बघून ती उपाशीच झोपली होती. "उठवलं, तर तोंड फिरवलं तिनं," एवढंच म्हणाल्या.

परत जायला रिक्षा नव्हती. मी त्यांच्या हातातला डबा घेतला, साहेबांच्या देखत रस्त्यात उतरलो आणि पोलिसासारखा हात आडवा धरला. ब्रेक किंचाळले. "सिग्नल काणल्वेनो," दिसत नाही का रे तुला, म्हणून एक लॉरीवाला खेकसला. दिवा त्याच्या बाजूनं हिरवा होता. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"न दिसायला काय झालं," अक्कांनी त्याला कन्नडमध्ये ठणकावलं, "यांनीच तर बसवलाय."

मी मान खाली घालून चालत राहिलो. डबा भरलेलाच होता, अजून कोमट.