डिपर म्हणजे काय

भिकाजी माझ्या बसवर अकरा वर्षं कंडक्टर होता. पेडणे–म्हापसा, दिवसाला सहा फेऱ्या. मी पुढं स्टिअरिंगवर आणि तो मागच्या दाराशी, लोकांकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ. हे आधीच सांगतो, कारण नंतर जे झालं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं. अकरा वर्षं तो रस्त्यावर होता, पण समोरून काय येतं आणि ते काय म्हणतं, हे त्यानं कधी बघितलं नाही. ते बघायचं काम माझं होतं.

मग आमच्याकडं परदेशी जायची जी लाट आली तिच्यात तोही निघाला. वडिलांचा जन्म पोर्तुगीज काळातला. त्या कागदावर पोर्तुगालचा पासपोर्ट केला आणि दोन हजार नऊ साली बायकोला घेऊन इंग्लंडात स्विंडनला गेला. सुरुवातीला गोदामात खोकी उचलली. पुढं तिथल्या एका बस कंपनीनं त्याला गाडी शिकवून ड्रायव्हर केलं. परीक्षेत तीनदा नापास झाला. एकदा तर नुसता हॉर्न वाजवला म्हणून. हे तो फोनवर सांगायचा तेव्हा मी इतका हसायचो की माझी बायको विचारायची, काय झालं. आमच्या पेडणे तालुक्यात हॉर्न न वाजवता गाडी चालवणाऱ्याला लोक मुका समजतात.

चौथ्या खेपेला पास झाला, आणि तिथून पुढं तिकडचे नियम त्यानं आरती पाठ करावी तसे पाठ केले.

दोन हजार बावीसमध्ये तो परत आला, एकटाच. बायको पद्मावती तिकडं आजारून गेली होती. मूलबाळ नव्हतं. धारगळला हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर, त्यात धाकटा भाऊ बाबाजी, भावजय आणि त्यांची एकुलती मुलगी तेजस्विनी. भिकाजीच्या जिवाला उरलेली तीच एक जागा होती. तेजस्विनी त्याला भाऊकाका म्हणायची. तिच्यासाठी त्यानं काय नाही केलं, असं विचारलं तर सांगता येणार नाही. तिला तापाची कणकण आली तरी हा माणूस उपाशी राहायचा.

त्यानं एक जुनी गाडी घेतली आणि आमची करमणूक सुरू झाली. बाजारातल्या झेब्रा पट्ट्यांपाशी तो थांबायचा. समोर म्हातारी उभी. ती बिचारी आयुष्यभर गाड्या गेल्यावर रस्ता ओलांडत आलेली, म्हणून ती याच्या जाण्याची वाट बघणार. हा तिच्या जाण्याची वाट बघणार. मागं माझ्यासारखे चार जण हॉर्न दाबून बसलेले. शेवटी म्हातारी कंटाळून पुन्हा दुकानात शिरायची. चहाच्या गाड्यावर यावरून रोज वाद. भिकाजीचं म्हणणं, तिकडंही गाडी डावीकडून, इकडंही डावीकडून, तिकडं माणसाला दोन हात आणि इकडं चार असं काही नाही, मग तिकडचे नियम इथं का चालू नयेत? मी म्हणायचो, बाबा, नियम एकट्यानं पाळून होत नाही. तू इंग्लिश बोललास म्हणून समोरच्या म्हशीला कळतं का? लोक हसायचे. तोही हसायचा, पण मनातून पटलेलं नसायचं.

तेजस्विनीला तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी लागली तेव्हा स्कूटर शिकवायचं काम साहजिकच भाऊकाकाकडं आलं. त्यांच्या अंगणापासून वाड्याच्या रस्त्यापर्यंत रोज संध्याकाळी शिकवणी चालायची, आणि मी रिटायर माणूस, त्यांच्या घराच्या सोप्यावर बसून बघायचो. पोरगी हुशार. आरसा, मग सिग्नल, मग वळण. थांबायच्या जागी पाय टेकून पूर्ण थांबायचं. एका संध्याकाळी तो तिला म्हणाला, “समोरच्यान लांबसून लाईट मारली म्हणजे समजायचा, तो तुका म्हणता, तू जा, मी थांबतंय. मगे हात वर करून थँक्यू करायचा आणि जायचा.”

मी ते ऐकलं. तीस वर्षं मी त्याच हायवेवर हेडलाईटचा डिपर मारत आलोय, आणि एकदाही कुणाला ‘तू जा’ म्हणून मारलेला नाही. तोंडाशी चहाचा कप होता. मनात आलं, सांगावं. मग वाटलं, उगाच पोरीसमोर त्याचा पाणउतारा नको, रस्त्यावर गेली की शिकेल आपोआप. आमच्यातले सगळे आपोआपच शिकलेत. मी कप खाली ठेवला आणि विषय चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीवर गेला.

भिकाजीला स्वतःला कधी काही झालं नाही, कारण तो हायवेवर चढताना दोन्ही बाजू नजर पोचेल तिथवर मोकळ्या दिसेपर्यंत जागचा हलायचाच नाही. तेजस्विनीला पावणेआठला हजेरी लावायची असायची.

गेल्या वर्षी चवथीला दहा दिवस होते. सकाळी ती वाड्याच्या रस्त्यानं हायवेच्या तोंडाशी आली आणि थांबली. बांद्याच्या बाजूनं चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. तिथल्या हॉटेलवाल्यानं आणि आणखी दोघांनी जे बघितलं ते असं. ट्रकनं लांबून लाईट मारली. पोरीनं हात वर केला. ट्रक थांबला नाही आणि पोरगी पुढं गेली.

जीव वाचला. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

त्या दिवशी दुपारी बाबाजी, भिकाजी आणि मी पोलीस स्टेशनवर होतो. ट्रकचा ड्रायव्हर सखाराम, सावंतवाडीकडचा, पन्नाशीचा, बाकावर बसलेला. दारू नाही, काही नाही. शर्टाच्या बाहीनं सारखं तोंड पुसत होता. बाबाजी त्याच्या अंगावर धावला, आम्ही दोघांनी आवरलं. फौजदारानं विचारलं तेव्हा सखाराम म्हणाला, “मी लांबसूनच डिपर दिलंय, दोनदा. तिना माका हात केल्यान. माका वाटला ती म्हणता, तू जा. म्हणान मी ब्रेक मारूक नाय, साहेब.”

फौजदारानं ते लिहून घेतलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी भिकाजीकडं बघितलं. त्यानं बाबाजीचा धरलेला दंड सोडला होता आणि तो भिंतीला टेकला होता.

तिथून आम्ही बांबोळीच्या हॉस्पिटलात गेलो, आणि परत येताना गाडी मी चालवली. बाबाजी तिथंच थांबला होता. कोलवाळचा पूल ओलांडला. मग अगदी हळू आवाजात भिकाजीनं विचारलं, “सगुण, हंयसर, आपल्या रस्त्यार, डिपर म्हणजे काय?”

मी सांगितलं. म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’. दुसरं काय असणार?

“तुका म्हायत होता?”

लहान मुलांनाही माहीत असतं, असं मी बोलून गेलो. बोललो आणि जीभ चावली. मी त्या संध्याकाळी सोप्यावर बसलो होतो हे त्याला आठवलं की नाही, ते कळलं नाही. मी आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिकडच्या नियमांचं पुस्तक घेऊन माझ्याकडं आला. कोपरे मुडपलेलं, पेन्सिलीच्या खुणा केलेलं. एका पानावर बोट ठेवून म्हणाला, वाच. मला इंग्रजी बेताचंच. त्यानंच वाचून अर्थ सांगितला. दिव्याची उघडझाप फक्त आपण आहोत हे दुसऱ्याला कळावं म्हणून करायची, इतर कसलाही निरोप देण्यासाठी करायची नाही. म्हणजे पुस्तकात ‘तू जा’ नव्हतंच. पुस्तक सखारामच्याच बाजूनं बोलत होतं. ‘तू जा’ ही तिथल्या ड्रायव्हरांची आपापसातली रीत. रोज बसमधून बघून बघून ती त्याच्या अंगात मुरली, आणि त्यानं नियम समजून ती पोरीला दिली. परत आल्यापासून ज्या पुस्तकाच्या जिवावर तो आम्हाला शहाणपण शिकवत होता, ते त्यानंही नीट वाचलं नव्हतं.

तो म्हणाला, आधी बाबाजीला सांगतो, मग पोलिसांना. सखारामला सोडायला हवं. पण त्याआधी तेजस्विनीला सांगायचं म्हणून आम्ही बांबोळीला गेलो. ती शुद्धीवर होती, चेहरा कागदासारखा. भिकाजीनं तोंड उघडायच्या आतच तिनं सांगितलं की सकाळी पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. आपण लाईट बघितलीच नाही, आपलंच लक्ष नव्हतं, ट्रकवाल्याची चूक नाही, असं तिनं लिहून दिलं होतं.

“खोटा कित्याक सांगितलस?” त्यानं विचारलं.

“भाऊकाका, बाबांका सांगू नकात,” ती म्हणाली. “तुमका ते घरात ठेवचे नाय. पाय काय परत येवचो नाय. घर तरी ऱ्हवांदे.”

तेवीस वर्षांची पोर. तिनं त्या खाटेवर पडल्यापडल्या सगळा हिशेब मनाशी लावला होता, आणि त्यात स्वतःला कुठंच धरलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी खिडकीचे गज धरून रडलो. भिकाजी रडला नाही. तो आत तिच्या उशाशी बसून राहिला.

सखाराम सुटला. तेजस्विनी घरी आली. आणि मग जे सुरू झालं ते अपघातापेक्षा वाईट होतं, असं मी म्हणेन, रागावलात तरी चालेल. बाबाजी वाईट माणूस नाही. पण दुःख माणसाला कुठंतरी ओतावं लागतं, आणि सखारामवर ओतता येईना. तो पोरीवर ओतू लागला. लक्ष कुठं होतं? मोबाईल बघत होतीस का? येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, भाऊनं तिला साहेबासारखं शिकवलं, पण हिचं ध्यान असेल तर ना. पाहुणे मान हलवायचे. आजकालच्या पोरी, म्हणायचे. लग्नाची एक बोलणी चालली होती ती माणसं न कळवताच गप्प झाली. तेजस्विनी सगळं ऐकून घ्यायची आणि भाऊकाकाकडं बघायची, त्यानं बोलू नये म्हणून. तो बोलायचा नाही. पार वाळून गेला. गाडी विकून टाकली. पेडण्याला जायचं तर चालत जायचा, आणि झेब्रा पट्ट्यांवर कुणी थांबलं तरी रस्ता ओलांडायचा नाही.

परवा श्रावणातला पहिला सोमवार झाला आणि मंगळवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पान मांडलं. तेजस्विनी कुबड्यांवर भाताचं भांडं आणायला गेली, तोल गेला, भांडं निसटलं. भात जमिनीवर. बाबाजी ओरडला, “आताय लक्ष नाय! एक पाय घालवलस, आता काय काय घालवतलस?”

भिकाजी उठून उभा राहिला. पोरगी नको नको म्हणून मान हलवत होती. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही.

“बाबाजी, तिचा लक्ष होता,” तो म्हणाला. “तिना लाईट बघल्यान. लाईट मारली की जायचा, असा मीच तिका शिकयलंय. पाय मी घालवलंय.”

मला वाटलं, आता घर फुटणार. पण बाबाजीचे डोळे भरले. त्यानं भिकाजीला खांद्याला धरून पुन्हा पाटावर बसवलं.

“भाऊ, तू देवमाणूस,” तो म्हणाला. “पण तिच्या चुकीर पांघरूण घालू नको. गोऱ्यांच्या देशात बस चलयलेलो माणूस असा उरफाटा शिकयत?” आणि तो माझ्याकडं वळला. “सगुण, तू तरी सांग याका. तीस वर्सां गाडी हाकलंस. असा कोण शिकयता?”

तिघंही माझ्याकडं बघत होती. तेजस्विनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्या नजरेत काय मागणं होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. भिकाजीच्या नजरेत त्याच्या बरोबर उलटं मागणं होतं. मी तिच्यासाठी बोललो की स्वतःची कातडी वाचवायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, “नाय रे. असा कोण शिकयता.”

बाबाजीनं मान हलवली आणि पोरीला सांगितलं, सांडलेलं गोळा कर. ती एका हातानं भिंत धरून खाली बसली आणि भाताची शितं वेचू लागली.