चष्म्यातली नवरी

धानाच्या तणसाचा वास आला की मला वडशाजवळच्या धानाच्या शेतातली ती बांधी आठवते, जिथे कापणीनंतर नाटकाचा मंडप उभा होता आणि पडद्यामागे नवरीच्या वेशात सजणाऱ्या माझ्या ताईची एक कॉन्टॅक्ट लेन्स तणसावर पडली. लेन्स धुवायचं औषध संपलेलं होतं, म्हणून तिने ती पिण्याच्या पाण्यात बुडवायला घेतली. मी तिचा हात धरला. "साध्या पाण्यानं धुतलेली लेन्स डोळ्यात नाई घालायची, ताई. डोळा जाईल." मी तेव्हा गावोगाव डोळ्यांच्या काळजीची पत्रकं वाटायचो. "आला पत्रकवाला!" ती चिडली. "नवरीले चष्मा पाहून पब्लिक हासन ना!" "हासू दे. डोळा तुया आहे, पब्लिकचा नाई." दुसरी लेन्सही काढून, जाड चष्मा लावून ती घुश्शातच रंगमंचावर गेली. नायक गडबडला आणि भलतंच बोलला, "चष्मा काऊन लावला?" ताईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवरा नीट पाहून घ्याव म्हटलं!" पहिली शिट्टी बायकांच्या बाजूने आली. आता त्या नाटकात नवरी चष्म्यातच येते, आणि घरी लेन्स घालण्याआधी ताई धुऊन कोरडे केलेले हात माझ्यापुढे नाचवते, "पाह्य, पत्रकवाल्या, झालं समाधान?"