सामन्याआधीची पंगत

आमच्या शाळेनं ठरवलं की नववीच्या मुलांनी परदेशातल्या गरजू मुलांना मदत करावी. परदेश म्हणजे नेपाळ, आणि तेही रेल्वेनं, हे कळल्यावर निम्म्या पालकांचा उत्साह मावळला. उरली बारा मुलं, आणि भूगोल शिकवते म्हणून मी.

डोंगरातल्या त्या शाळेच्या दोन वर्गखोल्या आम्ही तीन दिवसांत रंगवल्या. रंग मुलांना जास्त लागला, भिंतींना कमी. तिथल्या मुख्याध्यापकांचं भिंतींकडं लक्षच नव्हतं, कारण त्यांचा जीव शनिवारच्या फुटबॉल सामन्यात अडकला होता. खालच्या गावच्या शाळेकडून ते दरवर्षी हरायचे. यंदा संघ जमला होता आणि पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते. एकदा तरी न हरता घरी जायचंय, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

शनिवारी सकाळी आमच्या मुलांनी त्यांच्या संघाला जेवू घालायचं ठरवलं. प्रत्येकाच्या आईनं येसर, म्हणजे भाजक्या धान्या-डाळींचा आमटीचा मसाला, बांधून दिलाच होता. मी मोठ्या पातेल्यात आमटी केली, भात आणि शिरा केला. वाढप्यांची मुकादम झाली आमच्यातली बिडकीन गावची एक मुलगी. तिच्या घरी पंगती नेहमीच्या. खेळाडू ताटावर हात आडवे धरत होते आणि ही बोटांच्या फटीतून आमटी ओतत होती.

"अगं, पुरे म्हणतोय तो," मी म्हणाले.

"मॅडम, पाहुणा नाय म्हणतोच. पहिल्यांदा नाय म्हणला की वाढायचं, दुसऱ्यांदा म्हणला की लई वाढायचं."

तिकडं ताटात अन्न टाकणं वाईट समजतात. त्यामुळं ही वाढत राहिली, खेळाडू खात राहिले आणि थांबायचं कुणी हे ठरलंच नाही.

सामन्याला तास राहिला तेव्हा गोलकीपर खांबाला टेकून झोपला होता. कप्तानाला वाकून बुटाची नाडी बांधता येईना. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला खालच्या गावानं पाठवलं का? ते चेष्टा करत नव्हते.

माफी मागून पोट रिकामं होत नाही. तेवढ्यात खालचा संघ दोन तास डोंगर चढून, घामाघूम होऊन पोचला. मी पातेल्यात डोकावले. निम्मं शिल्लक होतं. मुकादमीणबाईंना हाक मारली.

"पाहुणे आलेत. वाढा."

"कितीदा नाय म्हणेपर्यंत, मॅडम?"

"मोजू नको."

सामना मी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत सभ्य झाला. कुणी धावलं नाही, त्यामुळं कुणी पडलं नाही. चेंडू उतारावरून घरंगळला की बावीस जण तो जाताना शांतपणे बघायचे आणि आमची मुलं तो घेऊन यायची. शेवटी शून्य-शून्य. मुख्याध्यापकांनी गोलकीपरला कवेत घेतलं. तो कळवळून म्हणाला, सर, पोट दाबू नका.

पुढच्या वर्षी सामना जेवणाआधी ठेवा, असं खालच्या गावच्या सरांनी बजावलं. मुख्याध्यापक छाती काढून म्हणाले, ते जमणार नाही, ही आमच्या शाळेची परंपरा आहे.