वाचनालयाला ड्रायव्हर पाहिजे

किस्से जुन्या चार्जरसारखे असतात. कुठला कोणत्या मोबाइलचा ते आठवत नाही, पण टाकून देववत नाही, आणि एके दिवशी खण उघडावा तर सगळे एकमेकांत गुंतलेले! तसेच हे. देवाशपथ सांगतो, अक्षर न् अक्षर खरं आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे, दोनदा नव्हतो. तेवढं शकीलभाईनं सांगितलं. आणि शकीलभाईच्या दुकानावर 'एका तासात रिपेअर' अशी पाटी आहे, त्यावरून काय तो अंदाज घ्या.

हे दुकान थेरगावात, डांगे चौकाजवळ. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. तिथं कॉम्प्युटर बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी शकीलभाईला फोन लावतो, अशी आमची मैत्री. मध्यंतरी कंपनीनं सहा जुने लॅपटॉप माझ्या गावच्या वाचनालयाला देऊन टाकले. आत काहीच नाही, नुसते सांगाडे. शकीलभाई म्हणाला, "लिनक्स टाकू. विंडोजसारखंच, पण फुकट असतं, आणि म्हातारा लॅपटॉपसुद्धा दुडक्या चालीनं पळतो!"

वाचनालय कुंदाताई सांभाळतात. खोल्या दोन. एकीत पुस्तकं, दुसरीत ताईंना हे लॅपटॉप ठेवायचे होते. पण गावातल्या दंडवाल्या मंडळींना तीच खोली जिमला हवी होती. त्यांनी दाराची मापंही घेऊन ठेवली होती. वाचनालयाचे अध्यक्ष नाना काळोखे यांनी निवाडा दिला, "रैवारी धाला सभा हाय. समद्यांम्होरं कॉम्प्युटरवर माजा सातबारा दिसला, तर खोली ताईंची. न्हाई दिसला, तर डंबेल!"

ताईंनी स्टुलावर चढून त्या खोलीचा पंखा पुसायला घेतला. ते बघून मी आणि शकीलभाई कामाला लागलो.

*

लिनक्स टाकताना ते आधी विचारतं, राहायला कुठं? नकाशात भारतावर टिचकी मारली की एकच नाव येतं: कोलकाता.

नाना मागंच उभे. "ह्ये काय? आमी कलकत्त्याचं कवा झालो?"

"नाना, सगळ्या देशाचं घड्याळ तिथलंच धरतात."

"मंग बदला की! चाकण टाका. न्हाईतर निदान तळेगाव."

शकीलभाईनं समजावलं, की तळेगाव जगाच्या यादीत नाही.

"तळेगाव न्हाई? यादी कुनी केली?"

शेवटी लॅपटॉपचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायचं ठरलं. भिंतीवरचं वीस मिनिटं मागं निघालं. आता तरी नाना गप्प होतील म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलं.

"व्हनारच मागं," नाना म्हणाले. "तिकडं सूर्य आदी उगवतो!"

*

ताईंची अट होती, सगळं मराठीत पाहिजे. शकीलभाईनं भाषा बदलली. नाना खुर्ची ओढून पडद्यावरचा शब्द न् शब्द मोठ्यानं वाचायला लागले. मधेच थांबले.

"शकील, ह्ये इचारतंय, कचरापेटी रिकामी करायची का?"

"करा की, नाना. 'हो' दाबा."

नानांनी 'नाही' दाबलं. "आज कशाला? घंटागाडी मंगळवारी येती!"

त्या लॅपटॉपची कचरापेटी आजही मंगळवारीच रिकामी होते.

*

आता मुख्य दुखणं. नेट शेजारच्या ग्रामपंचायतीतून घ्यायचं होतं. मधल्या भिंतीला भोक पाडायला परवानगी नाही, म्हणजे वायर नाही, म्हणजे वायफायच. आणि या लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, लिनक्समध्ये नव्हता. तो नेटवरून आणावा लागतो. आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो!

"म्हंजी," नाना म्हणाले, "डिझेल आनायला गाडी पायजे, आन् गाडीत डिझेल न्हाई."

याहून सोप्या शब्दांत हे कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

शकीलभाईनं दुकानातून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला. लॅपटॉप म्हणाला, याच्यासोबत आणखी एक प्रोग्राम पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो आणला. लॅपटॉप म्हणाला, आता त्याच्यासोबत तिसरा! थेरगाव ते आमचं गाव, शकीलभाईच्या दिवसाला दोन फेऱ्या सुरू झाल्या.

नाना वैतागले. "ड्रायव्हर येकटा येत न्हाई. त्याला क्लीनर लागतो, क्लीनरला हेल्पर लागतो. तुमच्यानं व्हनार न्हाई. आता मीच बगतो."

संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज झळकला: 'वाचनालयाला तातडीने सहा ड्रायव्हर पाहिजेत. लिनक्स चालवता येणे आवश्यक. अध्यक्ष.'

खाली पहिलाच प्रश्न: 'लिनक्स किती चाकी?'

सकाळी वाचनालयासमोर सात जण लायसन घेऊन उभे! त्यांतले सहा जण 'गाडी कुठंय, गाडी कुठंय' करत निघून गेले. सातवे भागवत. मूळचे बीडचे, चाकणला ट्रेलर चालवतात. ते म्हणाले, "लिनक्स नाही चालवली बगा आजून. पन सोळाचाकी चालवलीय. नवं मॉडेल आसंल, तर दोन दिसांत हात बसंल."

ताईंना त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी चहा दिला. भागवतनी चहा घेतला, एक शेतीचं मासिक घेतलं आणि कोपऱ्यात वाचत बसले. मग रोजच शिफ्ट संपली की येऊ लागले. गाडी कधी येणार, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

*

शुक्रवारी सभेच्या जेवणाची सूचना काढायची होती. ग्रामपंचायतीचा जुना प्रिंटर आणून लॅपटॉपला जोडला आणि पहिल्याच फटक्याला चालला!

अडलं ते भलतीकडंच. ताईंना लिहायचं होतं, 'आचाऱ्यांनी रविवारी सकाळी सहाला हजर राहावे.' पण शकीलभाईनं चुकून हिंदीचा कीबोर्ड बसवलेला. त्यात आपला 'ऱ' काही सापडेना. ताईंनी साधा 'र' वापरला, तो रफार होऊन डोक्यावर चढला, आणि घाईघाईत सूचना फळ्यावर लागली: 'आचार्यांनी रविवारी सकाळी सहाला हजर राहावे.'

रविवारी सहाच्या ठोक्याला जोशी सर दारात! संस्कृतचे निवृत्त शिक्षक. आंघोळ झालेली, कपाळाला गंध, खांद्यावर शाल.

"आपण बोलावलंत, आनंद झाला," सर म्हणाले. "पण सत्कार इतक्या पहाटे?"

ताईंचा चेहरा उतरला. सर फळ्यापाशी गेले, सूचना दोनदा वाचली, शालीची नीट घडी केली आणि ताईंच्या हातात दिली.

"सुरी कुठाय? रफारानं बोलावलंय, आता कांदा चिरणं आलं!"

खरा आचारी नऊला आला. त्याला उशिराचं कारण विचारलं, तर म्हणाला, "फळ्यावर माझं नावच नव्हतं!"

*

नऊला कांदा तयार, मांडव तयार, आणि नेटचा पत्ता नाही. जिमवाले टेम्पोत डंबेल घेऊन दारात आलेले. शकीलभाईच्या खिशात तीन पेन ड्राइव्ह, त्यांतला एकही कामाचा नाही. ताई एकेक लॅपटॉप पुसत होत्या. पुसून झालेला पुन्हा पुसत होत्या.

एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या भागवतनी खिशातून वायर काढली आणि आपला मोबाइल मधल्या लॅपटॉपला खुपसला.

"ओ भाऊ, काय करताय?" शकीलभाई ओरडला.

"चार्जिंग करायलोय की! लाइटचा बोर्ड तुमीच आडवलाय समदा."

आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात नेटची खूण उगवली.

मी शकीलभाईकडे पाहिलं. शकीलभाईनं छताकडे पाहिलं. मोबाइलवरचं नेट वायरनं लॅपटॉपला देता येतं, त्याला कुठलाच ड्रायव्हर आणावा लागत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आठवडाभर आठवलं नव्हतं, एवढंच!

"भागवत, काय दाबलंत?"

"मला काय ठावं! मोबाइलनं चार गोष्टी इचारल्या, म्या खालच्यावर बोट ठेवलं."

त्या वायरीवरून वायफायचा ड्रायव्हर आला, त्याचा क्लीनर आला, हेल्पर आला, सगळं खानदान आलं. सहाही लॅपटॉप दहाच्या आत सुरू. शकीलभाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पाटीला जागला!

सभेत नानांचा सातबारा पडद्यावर आला. नानांनी उठून गट नंबर वाचला, नाव वाचलं आणि मान हलवली. "माजाच हाय. खोली ताईंची!"

ताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. टेम्पो परत फिरला.

मागून जिमवाल्यांतला एक जण उठला. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, जाणकार. "नाना, या मॉडेलचा ड्रायव्हर कुठंच मिळत नाही. तुम्ही आणला कुठनं?"

"बीडवरनं," नाना म्हणाले.

भागवत उठले आणि त्यांनी सभेला लायसन दाखवलं.

*

यातलं मी बनवलेलं एकच. प्रिंटर पहिल्या फटक्याला चालला नव्हता.