देवरेबाई आजारी नव्हत्या

देवरेबाई वर्गात आल्या की पर्समधून एक गोल आरसा काढून टेबलावर ठेवायच्या. फ्रेंचचा तास असो की चिनीचा, उच्चार चुकला की आरसा त्या मुलीच्या हातात जायचा. "तोंड बघ तुझं," बाई म्हणायच्या, "ओठांनी ऊ म्हण आणि जिभेनं ई. लाजू नकोस. परकी भाषा बोलताना माणूस जरा वेडाच दिसतो. मीपण दिसते." आणि स्वतः ओठांचा चंबू करून दाखवायच्या. आम्ही आठवीच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसत असू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमधल्या आमच्या मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवतात, याचंच लोकांना नवल वाटे. चिनी म्हटल्यावर तर ते थट्टाच समजत. माझे वडील ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. मी शनिवारच्या चिनी वर्गाला नाव दिलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचा उपयोग काय?" मी ते जाऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "वडलांना सांग, उपयोग शिकून झाल्यावर कळतो. आधी विचारलं तर मलाही सांगता यायचं नाही."

बाई सटाण्याच्या. रागावल्या की घरची अहिराणी बाहेर पडायची. वहीतला गोंधळ आमच्यासमोर धरून विचारायच्या, "हाई काय शे?" तरुणपणी दिल्लीला भावाकडे राहून त्या चिनी शिकल्या होत्या, नंतर पुण्यात फ्रेंच. दोन्ही देश त्यांनी पाहिलेले नव्हते आणि हे त्या कधी लपवत नसत. "मी पुस्तकातलं सांगतेय. जाऊन आले की खरं काय ते सांगेन."

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी नमस्कार करतात, मग वस्तू मागतात, हे शिकवायला त्या आम्हा दहा जणींना कॉलेज रोडवरच्या एका वह्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. एकेक मुलगी आत शिरून "नमस्कार काका" म्हणत होती. सहाव्या नमस्काराला दुकानदार उठून उभे राहिले आणि काळजीनं म्हणाले, "काय झालंय बेटा, काही वाईट बातमी आहे का?" परत येताना बाई रस्त्यात थांबून थांबून हसत होत्या.

चीनमधल्या एका मुलींच्या शाळेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तिथल्या लिन नावाच्या शिक्षिकेला त्या दर महिन्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहीत. दोन वर्षांनी, मी दहावीत असताना, तिकडून आमंत्रण आलं. दिवाळीच्या सुट्टीत चार मुली आणि दोन शिक्षिका दहा दिवसांसाठी पाहुण्या म्हणून याव्यात. बाईंनी त्या पत्राचं मराठी करून शाळेला दिलं. चार मुलींत माझं नाव होतं. त्यानंतर बाई रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडून तयारी करून घेत. चहाचा पेला दोन हातांनी द्यायचा, यजमानीणबाईंनी वाढलेलं नको असेल तर कसं म्हणायचं, वाट चुकलो तर काय विचारायचं. "मी असेनच बरोबर," त्या म्हणत, "पण मी नाही असं धरून बोला."

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, देवरेबाईंच्या वीस वर्षांच्या मैत्रीण. मधल्या सुट्टीत दोघींचे डबे एकत्र उघडत. निघायला पंधरा दिवस राहिले असताना मी शिक्षकांच्या खोलीत वह्या ठेवायला गेले, तेव्हा दोघीच तिथे होत्या. मोठ्या बाई म्हणत होत्या, "वसू, मंडळाचं म्हणणं पडलं की मी जावं. आणि अध्यक्षांच्या सूनबाई येतील. आता माझा नाइलाज आहे."

"पत्र माझ्या नावानं आलंय, शैला," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "हो गं. पण ते वाचता येणारं इथे दुसरं कोण आहे?"

बाई माझ्या हातातल्या वह्या घेऊन मोजायला लागल्या. मला वाटलं, आता त्या आमची तयारीही सोडून देतील. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोठ्या बाईंचं तिथे करायचं आभाराचं भाषणसुद्धा बसवून घेतलं. एकेक शब्द देवनागरीत लिहून दिला, आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, त्याच्या खुणा केल्या, आणि चुकलं तिथे शांतपणे पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना आरसा मात्र दिला नाही.

चीनमध्ये त्या शाळेच्या फाटकात लिनबाई हातात फुलं घेऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, केस पिकलेल्या. आमच्यातला प्रत्येक चेहरा त्यांनी पाहिला आणि विचारलं, "देवरे लाओशी कुठे आहेत?" लाओशी म्हणजे शिक्षिका. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "मीनल, सांग त्यांना, आजारी आहेत म्हणावं."

आजारी आहेत हे चिनीत सांगायला तीन अक्षरं पुरतात. मी ती म्हटली. उच्चार इतका स्वच्छ आला की लिनबाईंनी लगेच विश्वास ठेवला. त्यांचे डोळे भरले. फुलं कुणाला द्यावीत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती माझ्याच हातात दिली, दोन्ही हातांनी.

परत आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं, तेवढं सोडून. त्या खोदून खोदून विचारत होत्या. तिथल्या माणसांना माझी मराठी वळणाची चिनी समजली का, चहा खरंच बिनदुधाचा का, लिनबाई दिसतात कशा. जाऊन आलेली मी होते आणि खरं काय ते ऐकून घेत होत्या बाई.

डिसेंबरात त्यांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. लिनबाईंचं पत्र आलं होतं. प्रकृती कशी आहे, औषधं चालू आहेत का, असं दोन पानं भरून विचारलं होतं.

"हे तू सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"मोठ्या बाईंनी सांगायला लावलं."

"ते मला कळलं. चिनीतून कोण बोललं?"

"मी."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मग तूच लिही त्यांना. देवरेबाई आजारी नव्हत्या, एवढंच."

मी पेन हातात घेतलं नाही. मोठ्या बाईंना कळलं तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, "बाई, माझं दहावीचं वर्ष आहे."

बाई मग कागद आपल्याकडे ओढून स्वतः लिहायला लागल्या. मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. 'आता मी पूर्ण बरी आहे. विचारपूस केलीत, आभारी आहे.' पाकीट बंद करताना म्हणाल्या, "त्यांच्यापुढे तुला खोटं पाडून मला काय मिळणार? पण शनिवारी आता येऊ नकोस. माझ्याजवळ होतं ते तुला दिलंय."

शनिवार बंद झाले. फ्रेंचचा तास मात्र रोजचाच होता. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. बाई सगळ्या मुलींना फ्रेंचमध्ये 'तू' म्हणत. त्या दिवसानंतर त्या मला 'तुम्ही' म्हणू लागल्या. रागानं नाही, अगदी नीट, एखाद्या अनोळखी बाईशी बोलावं तसं. वर्गातल्या मुलींना वाटलं, मी चीनला जाऊन आले म्हणून मान देतात.

निरोपाच्या समारंभात मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "तुम्ही सुखी राहा."

त्यानंतर त्या निवृत्त होऊन सटाण्याला गेल्या. मी त्यांना दोन पत्रं पाठवली, दोन्ही चिनीत, दोन्हींत झालं ते सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे त्या गेल्याचं चीनला माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. मी तिला विचारलं, काय झालं होतं. ती म्हणाली, "आजारी होत्या ना गं, किती वर्षं. तूच नव्हतीस का सांगत?"