गुलमोहरातला तांबट आणि मागची खिडकी

ऑफिसात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत संपवून मी समोरच्या बागेत जायचो. फेब्रुवारीअखेर तिथल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबटाची जोडी ढोली कोरत होती. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. मी दुर्बीण लावून बघत बसायचो.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, पलीकडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ रोज असतात, मांडीवर कापडी पिशवी. मी दुर्बीण लावली की तेही तिकडे बघत, खाली घेतली की नजर वळवत. हातखंब्याला कुणीतरी पोपटाची पिल्लं विकताना सापडल्याचं नुकतंच ऐकलं होतं. या पिशवीत जाळं तर नसेल? माळ्याला हळूच विचारलं. तो म्हणाला, त्यांनीही तुमची चौकशी केलीय.

माझी कशाला? संशय आणखीच वाढला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिशवीकडे टक लावून बसलो, तसे ते उठून थेट माझ्यासमोर आले.

"तुमची दुर्बीण आमच्या खिडकीवर असते," ते म्हणाले. "दुपारी तिथं सून असते."

फांदीच्या बरोब्बर मागे पिवळी इमारत होती. इतक्या दिवसांत ती खिडकी मला दिसलीच नव्हती, पण हे मानणार कोण? मी दुर्बीणच त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी खिडकीच बघितली, बराच वेळ.

"कॅलेंडरवरची तारीख वाचता येतेय," ते पुटपुटले.

मग मी सांगितल्यावर फांदी बघितली. पक्ष्यानं डोकं बाहेर काढलं असावं, कारण ते पुढे झुकले. धीर करून मी पिशवीचं विचारलं. त्यांनी ती उघडली. आत औषधं होती आणि बिस्किटाचा पुडा. दुर्बीण परत देताना ते हसले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा आला. मी बाक बदलला. तिथून ढोली अर्धीच दिसायची. ते आपल्या जागेवरून माझ्यावर नजर ठेवून असत.

एप्रिलअखेर तापामुळे चार दिवस रजेवर होतो. परतलो तेव्हा ढोलीत हालचाल नव्हती. विचारायला एकच माणूस होता.

"मंगळवारी उडाली पिल्लं," ते म्हणाले. "दोन होती. सुनेनं पडदा सारून बघितली. तुम्ही नव्हता ना."

मी बरं म्हटलं आणि सुट्टी संपायच्या आधीच ऑफिसात परतलो.