एका डोळ्यावर हात ठेवून

राष्ट्रवीराच्या स्मृतिदिनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं की राष्ट्र उभं राहतं, असं आमच्या दापोलीच्या शाळेत शिकवलं जाई. शिकवणाऱ्या हेडमास्तरांना पहिल्याच मिनिटाला खोकला येई. पुढे आयुष्यभर हार, माईक आणि राखीव खुर्च्या पाहिल्या; पण मनापासून स्तब्ध उभा राहिलो तो एकदाच. सौदीतल्या जेद्दात, चष्म्याच्या दुकानात, आणि तेही परक्या देशाच्या वीरासाठी. ज्याने उभं केलं तो नेस्टर गेल्या महिन्यात मनिलात वारला. त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, "पप्पा विचारायचे, सादिकचा चष्मा ठीक आहे ना?" सादिक म्हणजे अरबीत दोस्त. चौदा वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही...

जेद्दाच्या अल अझीझिया भागात माझी ट्रॅव्हल एजन्सी आणि तो कामाला असलेलं चष्म्याचं दुकान शेजारी शेजारी. तो डोळे तपासायचा, काचा घासायचा. अक्षरांच्या तक्त्याच्या वर कोटातल्या एका तरुणाची तसबीर होती. मी विचारलं, "वडील?" म्हणाला, "आमचे डॉक्टर." डोळ्यांचे डॉक्टर. स्वतःच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलेले, फिलिपाइन्सच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवलेले आणि पस्तिशीत परक्या सरकारच्या गोळ्यांनी गेलेले. मी म्हणालो, "आमच्याकडे अशांना चौकात उभं करून कावळ्यांच्या हवाली करतात." "आमच्याकडेही," तो म्हणाला, "म्हणून तर मी यांना दुकानात ठेवलंय."

दर डिसेंबरअखेर डॉक्टरांच्या स्मृतिदिनाला त्याचे देशबांधव कुणाच्या तरी हॉलमध्ये जमत. गल्फ वॉरच्या तोंडावरच्या डिसेंबरात मात्र दुकानांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या आणि हॉल द्यायला कुणी धजेना. नेस्टरच्या कफीलने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, स्पष्ट बजावलं होतं: जमाव दिसला की खलास, पहिल्या विमानाने घरी. घरी त्याच्या तीन मुली शिकत होत्या. मी म्हणालो, "या वर्षी राहू दे. डॉक्टर समजून घेतील."

"ते घेतील रे, सादिक. पण वर्षातून एकच दिवस मी कुणाचा कामगार नसतो. तोही सोडू?"

असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर शटर वर गेलं आणि थोड्याच वेळात बाकावर अकरा फिलिपिनो येऊन बसले. नर्स, ड्रायव्हर, एक स्वयंपाकी. सगळे डोळे तपासायला आलेले. त्यांच्या शेवटी मी. नेस्टरने खूण केली, आम्ही उठलो, तक्त्याकडे तोंड केलं आणि उजव्या डोळ्यावर तळवा धरला. बाहेरून कुणी पाहिलं तर तपासणी. आमच्यासमोर तसबीर. दुकान इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

तेवढ्यात दार ढकलून कफील अबू फहद आत आला. "हे काय चाललंय?"

नेस्टरने मान वळवली नाही. आम्हाला म्हणाला, "आता डावा."

बारा हात एकदम बदलले.

"सगळे एकाच वेळी?"

"युद्ध तोंडावर आहे, अबू फहद. कुणाला वेळ आहे?"

तो तसबिरीपाशी गेला. नेस्टरचा पासपोर्ट याच माणसाच्या कपाटात होता. "आणि हा?"

"डोळ्यांचे डॉक्टर," नेस्टर म्हणाला. मग जरा थांबून, "आजच्याच दिवशी वारले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. अबू फहदने मान खाली घातली, "अल्लाह यरहमू," अल्लाह त्यांच्यावर दया करो, असं पुटपुटला आणि आमच्याबरोबर गप्प उभा राहिला. भाषण नाही, हार नाही... मी एका डोळ्याने नेस्टरकडे पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते आणि दोन्ही वाहत होते.

मिनिट संपलं, तरी अबू फहद हलेना. खुर्ची ओढून बसलाच. मग नेस्टरला आम्हा बाराही जणांना, मालकादेखत, खरोखर तपासावं लागलं. त्याने तेही घाई न करता, मन लावून केलं. त्या दिवशी त्याने दिलेला चष्मा समोर टेबलावर आहे. काचा दोनदा बदलल्या, फ्रेम तीच.

माझ्या डाव्या डोळ्याला खरंच पाऊण नंबर निघाला होता.